अन्नसाखळीचा शेवटचा दुवा कोणता?

गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट दिली, तेव्हा पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा पाठ चालू होता. गवत, नाकतोडा, बेडूक, साप व गरुड ही नावे फळ्यावर बाणांनी जोडलेली होती आणि मुले ती एका सुरात म्हणत होती. पाठांतर बिनचूक होते. मी एका मुलीस विचारले, "बाळ, हा गरुड म्हातारा होऊन मेला, तर पुढे त्याचे काय होईल?" ती क्षणभर थांबली व म्हणाली, "सर, बाण तिथं संपलाय."

उत्तर प्रामाणिक होते आणि दोष मुलीचा नव्हता. शिक्षक असताना मीही कित्येक वर्षे हा पाठ गरुडापाशीच संपवीत आलो. वस्तुतः निसर्गातील व्यवहार तेथे संपत नाही. त्याचा उत्तरार्ध तेथे सुरू होतो. हा उत्तरार्ध वर्गात कसा मांडावा, यासंबंधी शिक्षकबंधुभगिनींपुढे काही विचार ठेवीत आहे.

प्रथम संज्ञा पाहू. एखाद्या जागेतील सजीव, तेथील माती, पाणी, हवा, प्रकाश हे निर्जीव घटक आणि या सर्वांचे परस्परसंबंध मिळून जी एक व्यवस्था होते, तिला परिसंस्था म्हणतात. गावाचे तळे ही परिसंस्था आहे, शाळेमागचा माळही आहे. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारी वनस्पती ती उत्पादक. तिच्यावर किंवा एकमेकांवर जगणारे प्राणी ते भक्षक. बाण काढताना तो खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढावा. पुष्कळ वह्यांत तो उलट असतो. बाण म्हणजे अन्नातील ऊर्जा कोणीकडे गेली त्याची खूण, हे एकदा समजले की ही चूक होत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. मेलेल्या जनावराचे मांस खाणारे ते मृतभक्षक: गिधाड, कावळा, तरस, कोल्हा. उरलेले सर्व कुजवून त्यातील द्रव्ये मातीस परत करणारे जीवाणू व बुरशी ते विघटक. या दोहोंची गल्लत पाठ्यपुस्तक वाचूनही होते, म्हणून भेद स्पष्ट करावा. गिधाड मांस फाडून खाते व पचविते. विघटक पदार्थाचे मूळ घटक सुटे करतात. ती द्रव्ये मुळांवाटे पुन्हा गवतात जातात. द्रव्ये अशी फिरत राहतात. ऊर्जा मात्र प्रत्येक टप्प्यावर उष्णतेच्या रूपाने खर्च होत जाते आणि परत येत नाही. म्हणूनच सूर्य रोज लागतो.

मृतभक्षकांचे महत्त्व सांगण्यास आपल्या देशातील गिधाडांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. माझ्या बालपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेला बैल टाकला की थोड्याच वेळात आभाळात ठिपके दिसू लागत. एक गिधाड उतरले की दुसरे त्यास पाहून उतरे, आणि लहानसे जनावर पाहता पाहता हाडांवर येई. आम्ही मुले त्या पक्ष्यास ओंगळ म्हणत असू. आज त्या माळावर आभाळ मोकळे असते.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झपाट्याने घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. कारण २००४ साली उघड झाले: जनावरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात इतकी घटली की हजारामागे जेमतेम एक उरले.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की प्रत्येक मेलेल्या जनावरात हे औषध थोडेच असणार? नसतेच. शंभरातील एकाहून कमी शवांत ते असले तरी एवढा नाश होण्यास पुरेसे होते, असे अभ्यासांती दिसले. कारण गिधाडे थव्याने जेवतात. एका शवामुळे पुष्कळ मरतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते व पिल्लू वयात येण्यास काही वर्षे लागतात. नुकसान जलद आणि भरपाई अत्यंत संथ. प्रजननदर ही रूक्ष वाटणारी संज्ञा येथे मुलांना आपोआप कळते.

गिधाडे गेली म्हणून शवे नाहीशी झाली नाहीत. ती अधिक काळ उघड्यावर पडू लागली व भटक्या कुत्र्यांना अन्न मिळाले. कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाची भीती येते. एक दुवा निखळल्याचा परिणाम असा माणसाच्या दारापर्यंत येतो.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या वापरावर आपल्या देशात २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ साली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस सुरक्षित ठरलेले औषध उपलब्ध आहे.

पाठास जोडून दोन कामे द्यावीत. पहिले, कुंडीतील ओलसर मातीत आंब्याचे वाळके पान, भाकरीचा तुकडा व प्लॅस्टिकची पट्टी वेगवेगळी पुरून दर पंधरवड्यास उकरून पाहावे व नोंद ठेवावी. दुसरे, प्रत्येक मुलाने घरातील आजी-आजोबांस विचारावे: गिधाड शेवटचे कधी व कोठे पाहिले? उत्तरे साल व जागेसह एका तक्त्यावर लिहून वर्गात लावावीत. "आठवत नाही" हे उत्तरही लिहावे. मेलेल्या जनावराजवळ मात्र मुलांना नेऊ नये. गावात पशुवैद्यकीय अधिकारी आले असतील, तर त्यांस वर्गात बोलावून दुखऱ्या बैलास ते कोणते औषध देतात, हे मुलांनाच विचारू द्यावे.