मेरू : नकाशात नसलेला पर्वत

मुलांनो, जगाचा नकाशा समोर घ्या. त्यात हिमालय सापडेल, सह्याद्री सापडेल; पण मेरू पर्वत कोठेच सापडणार नाही. तरीही हजारो वर्षे लोक त्याचे नाव घेत आले आहेत. असे का?

जुन्या काळी माणसाला प्रश्न पडे, ‘या जगाचा मध्य कोठे आहे?’ हिंदू पुराणांनी उत्तर दिले : जंबुद्वीपाच्या मध्यभागी सोन्याचा मेरू आहे. त्याची उंची ८४,००० योजने आहे. बौद्ध ग्रंथ त्याला सुमेरू म्हणतात. त्याच्याभोवती सात पर्वतांची वलये आहेत, असे ते सांगतात. जैन परंपरेत, तीर्थंकरांचा जन्म झाला की इंद्र त्यांना मेरूवर नेऊन अभिषेक करतो. धर्म तीन, वर्णने निरनिराळी. पण मध्यभागी मेरूच.

कंबोडियात बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने अंकोरवाट मंदिर बांधले. त्याची पाच शिखरे म्हणजे मेरूची शिखरे आणि भोवतालचा खंदक म्हणजे समुद्र.

मेरू आपल्या जवळही आहे. पाठीच्या कण्याला ‘मेरुदंड’ म्हणतात. जपमाळेतील मुख्य मणी म्हणजे ‘मेरुमणी’. जप करणारा तो ओलांडत नाही. तेथून माळ उलटी फिरवतो. तुमच्या घरातील तस्बीहमध्येही असा एक वेगळा मणी असतो. त्याला ‘इमाम’ म्हणतात, नाही का?

म्हणून शेजाऱ्याच्या श्रद्धेतला पर्वत नकाशात शोधू नका. त्याच्या भाषेत शोधा.

शब्दार्थ : योजन – अंतराचे जुने माप, वलय – कडे, अभिषेक – पवित्र स्नान.