आडवा विचार : तीन स्वाध्याय

एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली ‘लॅटरल थिंकिंग’ ही संज्ञा मांडली. मी तिला आडवा विचार म्हणतो. त्याचे धडे आमच्या पोफळीच्या वीजप्रकल्पातच आहेत.

१. गृहीत तपासा : कोयनेचे पाणी पूर्वेला वाहते, म्हणून तिकडेच न्यावे काय? बोगद्यातून ते पश्चिमेला वळवले आणि सह्याद्रीच्या उतारानेच वीज दिली.

२. प्रश्न उलटा करा : भरलेल्या जलाशयाला नवे तोंड पाडण्यासाठी तो रिकामा का करावा? १९९९ साली चौथ्या टप्प्यासाठी खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला.

३. आता आपण : गाइडातले एखादे उत्तर घ्या, त्यामागचे गृहीत लिहा, ते सोडून दुसरे उत्तर शोधा. गुण मिळोत न मिळोत; उत्तर आपले असेल.