नाडीवरचा हात

रुग्णालयात कोणाला भेटावयास गेला असाल, तर हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. परिचारिका खाटेपाशी येते, रोग्याचे मनगट धरते आणि घड्याळाकडे पाहत उभी राहते. मिनिटभरात नाडी मोजून होते. पण तिचा हात निघत नाही. आणखी एक मिनिट ती तशीच उभी असते. का बरे?

या दुसऱ्या मिनिटात ती रोग्याचे श्वास मोजत असते. श्वसन आपोआप चालते, पण त्याच्यावर आपला थोडासा ताबाही असतो. "आता तुमचे श्वास मोजते" असे म्हटले, की रोगी नकळत श्वास लांबवितो किंवा भरभर घेतो आणि मोजमाप चुकते. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ पडला असता मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा चढू लागला, तर कित्येकदा तीच बिघाडाची पहिली सूचना असते. मग रोगी "बरं वाटतंय" म्हणत का असेना.

मग ही रोग्याची फसवणूक झाली का? प्रश्न रास्त आहे. सुई टोचायची, जखम धुवायची, तर रोग्याला आधी समजावून सांगावे व त्याची संमती घ्यावी, हे शुश्रूषेतील एक मुख्य तत्त्व. श्वास मोजताना टोचायचे नाही, दुखवायचे नाही, आणि त्याने विचारलेच तर खरे उत्तर द्यायचे. एवढ्यापुरती ही सवलत असावी, असे मला वाटते.

आता त्याहून अवघड प्रसंग घ्या. वॉर्डात ४० रोगी आणि रात्रपाळीला दोघीच परिचारिका. एका रोग्यावर काल शस्त्रक्रिया झालेली. त्याच्या तक्त्यात नाडी रात्री बाराला ८०, दोनला ८२. चारची मोजायची राहून गेली आणि आता पाच वाजले. ८४ लिहून टाकावे का? प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मग निरीक्षणे भरणाऱ्यांना हा मोह चांगला ठाऊक असेल! वहीत फार तर गुण जातात. इथे डॉक्टर तोच तक्ता पाहून उपचार ठरवितात. शस्त्रक्रियेच्या जागी आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला असेल, तर नाडी वेगाने चालू लागते. रिकामी जागा म्हणते, 'इथे पाहणे राहिले.' खोटा ८४ म्हणतो, 'सर्व ठीक आहे.' म्हणून चारची जागा रिकामी ठेवायची, नाडी आत्ता मोजायची आणि पाच हीच वेळ घालून लिहायची.

आकड्यांची ही कदर शुश्रूषेत नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. हातात दिवा घेतलेले तिचे चित्र सर्वांना माहीत आहे. पण त्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले! मार्च १८५५ मध्ये आरोग्य आयोगाची माणसे आली, तुंबलेली गटारे साफ झाली, हवा खेळू लागली, आणि मग मृत्यू झपाट्याने घटले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने तिने आकडे तपासले. जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक मेले होते. हे तिने झाकले नाही. १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून छापले. दिव्यापेक्षा त्या आकृत्या मला मोठ्या वाटतात.

औषध देतानाही असेच. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग, एवढे पाहिल्यावाचून औषध द्यायचे नाही. "तुम्ही पाटील ना?" असे विचारायचे नाही. झोपेतला माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असे विचारायचे आणि नाव कागदाशी ताडून पाहायचे.

एवढे करूनही चूक झाली तर? समजा, ४ युनिट इन्शुलिन द्यायचे होते, दिले गेले ४०. रात्रीचे दोन वाजले आहेत, कोणी पाहिलेले नाही. नोकरीची भीती आहेच. पण इकडे रोग्याच्या रक्तातील साखर उतरू लागणार. त्याला घाम सुटेल, भ्रम होईल, मेंदूला साखर न मिळाल्याने तो बेशुद्ध पडेल, आणि पाहणाऱ्याला तो गाढ झोपला आहे असेच वाटेल. वेळीच कळले, तर साखर देऊन त्याला वाचविता येते. म्हणून परिचारिकेने आधी रोग्याकडे जावे, त्याच्या रक्तातील साखर तपासावी, लगेच डॉक्टरांना बोलवावे आणि घडले ते तसेच नोंदवावे. चूक सांगणाऱ्यावर सर्वांदेखत ओरडणारे वरिष्ठ पुढची चूक लपविण्याची सोय करीत असतात, हेही इथे सांगितले पाहिजे.

बरे, ४ चे ४० होतात कसे? युनिटसाठी रोमन लिपीतील 'यू' हे एकच अक्षर आकड्याला चिकटून लिहिले, की घाईत ते शून्यासारखे दिसते. अशा चुका लोकांनी कळविल्या, तेव्हा कुठे 'यू' न लिहिता 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहिण्याचा नियम अनेक रुग्णालयांत आला.