आपला चुकला तर नाव, दुसऱ्याचा चुकला तर जात

शास्त्रपाठ : योहान १:४३-५१



"हे लोक पैशांसाठी ख्रिस्ती झाले." असे शब्द आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, कामाच्या ठिकाणी किंवा शेजारीपाजारी ऐकले असतील. बोलणाऱ्याला आपले आजोबा-पणजोबा माहीत नसतात, त्यांनी काय सोसले तेही माहीत नसते. तरी एका वाक्यात तो सर्वांचा निकाल लावतो. ते किती लागते हे आपण जाणतो. म्हणून स्वतःलाच विचारू या : दारात पारधी समाजाची बाई आली, तर आपला हात आधी कडीकडे जातो का?

१. कायद्याने मारलेला शिक्का

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्याने संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. मग त्या जमातीत जन्मणे हाच दोष ठरे. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय बाहेर जाण्यास बंदी. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही सोय केली.

आता पाहा. हजेरीमुळे माणूस दूरच्या कामाला जाऊ शकत नाही. शिक्क्यामुळे गावात कोणी कामावर ठेवत नाही. घरात दाणा नाही. अशा स्थितीत एकाने चोरी केली की लोक म्हणणार, "बघा, आम्ही म्हणतच होतो!" सरसकट मत असे स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते.

२. कोल्हापूरचे उदाहरण

आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. १९१८ साली त्यांनी संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना लोक चोर म्हणत, त्या फासेपारध्यांना त्यांनी राहायला जागा आणि हाताला काम दिले. आधी चांगले वागून दाखवा, मग विश्वास ठेवू, असे ते म्हणाले नाहीत. विश्वास आधी दिला.

३. आपलाही वाटा

येथे एक गोष्ट नम्रपणे कबूल केली पाहिजे. या कायद्याखालच्या काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी सरकारतर्फे चालवल्या. तेथे शिक्षण आणि काम देण्याचा प्रयत्न झाला, पण ज्या समजुतीवर तो कायदा उभा होता, ती तशीच राहिली. सेवा करणाऱ्यालाही हा मोह सुटत नाही. "आदिवासी भोळे असतात", "ते व्यसनी असतात" असे आपण कळवळ्यानेच बोलतो, पण त्यातही समोरचा माणूस हरवतोच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला, मनातला मात्र पुष्कळ ठिकाणी राहिला. आपल्यातला कोणी चुकला तर आपण त्याचे नाव घेतो. पारधी किंवा मुसलमान चुकला तर त्याच्या जातीचे, धर्माचे नाव घेतो. अन्याय तेथेच सुरू होतो.

४. वचनाकडे पाहू या

नथनेल कपटी नव्हता. तरीही नासरेथ हे गावाचे नाव ऐकताच तेथून काही चांगले येईल का, अशी शंका त्याने घेतली. म्हणजे भला माणूसही असे बोलून जातो. फिलिप्पाने वाद घातला नाही, त्याला येऊन पाहायला सांगितले. पुढे नथनेलाला काय कळले? तो येण्यापूर्वीच, अंजिराच्या झाडाखाली असताना येशूने त्याला पाहिले होते. ज्याने गावावरून पारख केली, त्याला प्रभूने मात्र एकटा, वेगळा माणूस म्हणून ओळखले.

मननासाठी प्रश्न

१. कोणत्या समाजाबद्दल मी "ते सगळे तसेच" असे म्हणतो? त्यातील किती जणांना मी नावाने ओळखतो?
२. माझी मुले हे बोलणे कोणाकडून शिकतात?
३. या तिमाहीत पाड्यावर किंवा वस्तीवर जाऊन मी कोणाच्या घरी बसून चहा घेईन?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला जसे एकेकाला पाहिलेस, तसे आमच्या शेजाऱ्याला पाहण्यास आम्हांला शिकव. आमेन.