मद्यमुक्तीसाठी स्वमदत गटाची निवड : तद्विद्यसेवेचा विचार

प्रस्तावना

मद्य सुटले की मदात्ययाची चिकित्सा संपली, असा समज रुग्णाच्या आप्तांत आणि कित्येकदा आपणा वैद्यांतही आढळतो. वस्तुतः कंप, स्वेद, अनिद्रा ही लक्षणे बहुधा आठ-दहा दिवसांत उतरतात. मनाची ओढ मात्र पुढे अनेक महिने टिकते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २४ व्या अध्यायात ध्वंसक व विक्षय हे विकार वर्णिले आहेत. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करू लागला म्हणजे ते उद्भवतात. पुनःसेवनाचा धोका शास्त्रकारांनी ओळखला होता, हे यावरून स्पष्ट होते. हा धोका टाळण्यासाठी औषधाच्या जोडीला काय द्यावे, याचा येथे विचार करू.

शास्त्राधार

सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात मानस व्याधीच्या चिकित्सेत ‘तद्विद्यसेवा’, म्हणजे त्या विषयाच्या जाणकारांचा सहवास, अंतर्भूत आहे. जो स्वतः मद्याच्या विळख्यातून सुटला, तो या व्याधीचा एका अर्थाने तद्विद्यच होय. हा अर्थविस्तार आमचा आहे. पण व्यवहारात तो उपयुक्त ठरतो. ‘तुम्हाला काय कळणार?’ हा रुग्णाचा प्रश्न वैद्याला निरुत्तर करतो, दहा वर्षे मद्यमुक्त असलेल्या सहकाऱ्याला नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन येथे याच अनुभवातून जन्मली. तिचे दोन्ही संस्थापक, एक शेअर बाजारातील व्यावसायिक व दुसरा शल्यचिकित्सक, स्वतः मद्यासक्त होते. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या समीक्षेत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्तींचा विचार झाला. एएशी जोडून देणारे सुनियोजित उपचार संपूर्ण मद्यवर्जनाच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरू शकतात, असा तिचा निष्कर्ष आहे. रुग्णाला ‘जाऊन या’ एवढेच सांगणे आणि त्याला गटाशी प्रत्यक्ष जोडून देणे, यांत अंतर आहे.

गटाची निवड

औषध निवडताना आपण प्रकृती, सत्त्व, सात्म्य, देश, काल पाहतो. गट निवडतानाही तेच पाहावे.

१) सत्त्व व श्रद्धा : एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तथापि त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा, अशी मुभाही आहे. तरीही ज्याला हे रुचत नाही, त्याने व्यसनमुक्ती केंद्राच्या पाठपुरावा गटाची चौकशी करावी.

२) देश व काल : गट घराजवळचा, रुग्णाच्या भाषेत बोलणारा असावा. ज्या वेळी पावले गुत्त्याकडे वळत, त्याच वेळी भरणारी सभा सर्वोत्तम.

३) स्त्री रुग्ण : पुरुषांच्या सभेत तिला मोकळेपणाने बोलता येईलच असे नाही. तिच्यासाठी स्त्रियांचा स्वतंत्र गट आधी शोधावा.

४) कुटुंब : पत्नी व मुलांचे मनही पोळलेले असते. त्यांच्यासाठी १९५१ मध्ये स्थापन झालेली अल-ॲनॉन संघटना आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा केला.

एएत शुल्क नसते. मद्य सोडण्याची इच्छा हीच सदस्यत्वाची एकमेव अट. खुल्या सभेस आप्तांना व वैद्यांनाही बसता येते. एका सभेवरून मत बनवू नये. दोन-तीन गटांत मिळून पाच-सहा सभा तरी अनुभवाव्यात. जेथे मोठी रक्कम मागतात, हमखास यशाची हमी देतात, चालू औषधे बंद करावयास सांगतात किंवा सभेतील बोलणे बाहेर नेतात, तो गट वर्ज्य समजावा. पत्ता ठाऊक नसल्यास शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात अथवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विचारावे.

वैद्याने घ्यावयाची दक्षता

गट हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत आक्षेप येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांदरम्यान प्रलाप व भ्रम होऊन जीवितास धोका संभवतो. पूर्वी आक्षेप आलेले असतील, तीव्र कंप, ज्वर वा भास असतील, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

दुसरी बाब आपल्याच औषधपेटीतली. आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो. मद्यमुक्त रुग्णास त्याच्या वासाने व चवीनेही ओढ जागी होऊ शकते. रुग्ण डायसल्फिराम घेत असेल, तर अल्पशा मात्रेनेही लाली, छर्दी, हृद्द्रव, रक्तदाब घटणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून अशा रुग्णास क्वाथ, चूर्ण वा वटी द्यावी. जेवणात नकळत मिसळण्याची ‘दारू सोडवणारी पूड’ कोणी देत असेल, तर आप्तांना त्यापासून निक्षून परावृत्त करावे.

उपसंहार

आमची सूचना साधी आहे. चिठ्ठीवर औषध, अनुपान व पथ्य लिहितो, तसाच गटाचा वार, वेळ व ठिकाण लिहावे. शक्य असल्यास रुग्णाच्या संमतीने गटातील एका सदस्याशी चिकित्सालयातूनच बोलणे करून द्यावे, म्हणजे पहिल्या सभेचा संकोच उणावतो. पुढील भेटीत नाडी पाहताना ‘सभेला गेलात का?’ हे अवश्य विचारावे. रुग्ण घसरला तरी त्याची निर्भर्त्सना करू नये. त्याच आठवड्यात त्याला पुन्हा सभेत धाडावे.