विलीजचं टायमिंग

चि. अमोल यास,


1942 ची विलीज जीप घेतलीस तू आणि तुझी आई चिडली आहे माझ्यावर. असो. चढाला गाडी दम खाते, रेडिएटर उकळतो, मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून दिला की थोडे दिवस बरी चालते, असं लिहिलं आहेस. ठिणगी उशिरा पडते आहे, हे उघड आहे. पण ती का उशिरा पडते, हे कळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर कुणाला फिरवू देऊ नकोस.

आधी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बघ. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपसूक मागे जातं. फिलर गेजने 0.020 इंच गॅप लाव, टायमिंग त्यानंतर. मग डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघ. हलला तर बुश गेला. मग गॅप एका सिलिंडरला बरोबर, दुसऱ्याला चूक. टायमिंग लाइट लावला तर खूण नाचत राहील. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावणं फुकट आहे.

आता चेन. प्लग काढ आणि पंखा धरून क्रँक पुढे-मागे कर. क्रँक बरीच फिरल्यावर रोटर हलत असेल तर टायमिंग चेन ताणली आहे. चेन कॅमशाफ्टला फिरवते, कॅमशाफ्ट ऑइल पंपाला आणि पंपाचा शाफ्ट डिस्ट्रिब्युटरला, त्यामुळे चेन सैल झाली की ठिणगीही मागे आणि व्हॉल्व्हही मागे. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी सावरते, व्हॉल्व्ह तसेच राहतात. तुझी गाडी थोडे दिवसच का बरी चालते, याचं उत्तर मला वाटतं पॉइंटमध्ये किंवा इथे मिळेल.

हे सगळं ठीक असेल तरच टायमिंग लाव. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव. दाब जाणवला की कॉम्प्रेशन. नुसत्या फ्लायव्हीलच्या खुणेवर जाऊ नकोस, ती एक्झॉस्टलाही समोर येते. ठिणगी पाच अंश आधी, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायला बल्ब सहा व्होल्टचा घे. नंतर हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. टायमिंग पुढे गेलं असेल तर हँडल उलटा झटका देतं.

महिंद्रांनी मुंबईत विलीज जोडल्या, त्यामुळे जुन्या बाजारात पुष्कळ माल दिसेल. पण नंतरच्या इंजिनांत चेनऐवजी गिअर आले, कॅमशाफ्ट उलटा फिरू लागला आणि पंपही बदलला. डिस्ट्रिब्युटर पंपावरच फिरतो, तेव्हा आधीच्या मालकाने ऑइल पंप काढला किंवा बदलला होता का, हे विचार आणि मला कळव.

तुझा,
मामा