सपाट नकाशा आणि उभे गाव

पाण्याला चढउतार शिकवावा लागत नाही. आपल्या वाशिम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते, आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पैनगंगा मात्र वर्धेला मिळते, आणि तिचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास पोचते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, कारण आपली भूमी जलविभाजकावर वसलेली आहे. परंतु भिंतीवर टांगलेल्या जिल्ह्याच्या नकाशावरून हात फिरविला, तर हा उंचवटा बोटाला लागत नाही. नकाशा सपाट असतो. गाव सपाट नसते. या साध्या फरकामुळे नगररचनेत कोणते प्रश्न उद्भवतात, आणि संगणकावर उभारलेली शहराची त्रिमितीय प्रतिकृती त्यांवर काय उपाय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या राज्यात नगरांची आखणी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार होते. नगराची प्रारूप विकास योजना तयार करावयाची, तिचा नकाशा प्रसिद्ध करावयाचा, नागरिकांच्या हरकती व सूचना ठराविक मुदतीत मागवावयाच्या आणि त्यांवर सुनावणी घ्यावयाची, असा हा क्रम आहे. रस्ता कोठून जाणार, शाळेसाठी कोणती जागा राखीव राहणार, कोणाचे अंगण रुंदीकरणात जाणार, हे सारे त्या एका नकाशावर ठरते. कायद्याने नागरिकाला बोलण्याचा अधिकार दिला आहे. पण जो नकाशा वाचताच येत नाही, त्यावर हरकत कशी घ्यावी?

माझे वडील गवंडी आहेत. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. पण ओळंबा आणि पाण्याची नळी एवढ्या दोन साधनांवर ते घराचा पाया सूतभरही चुकू देत नाहीत. एकदा एका नातेवाइकाच्या गावी असा नकाशा लागला, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही पाहावयास गेले होते. पिवळा रंग निवासाचा, निळा व्यापाराचा, हिरवा मोकळ्या जागेचा, असे मी सांगत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "याच्यात नाल्याचं पानी कोनीकडं उतरते?" नकाशात नाल्याची रेघ होती, उतार नव्हता. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. गवंड्याच्या नजरेने विचारलेला तो नेमका प्रश्न होता. उत्तर नव्हते ते कागदाजवळ.

उंची मोजण्याचा खटाटोप आपल्या देशात जुना आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. त्याच कामाच्या प्रवासात १८२३ मध्ये तो आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्या काळी एकेक कोन मोजावयास अवजड यंत्र टेकडीवर वाहून न्यावे लागे. आता विमान किंवा ड्रोन वरून उडते आणि प्रकाशाचे असंख्य स्पंद खाली सोडते. या पद्धतीस 'लायडार' म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. दीडशे मीटर खालच्या छपरावर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. या वेळेवरून अंतर आणि अंतरावरून उंची निघते. असे कोट्यवधी बिंदू एकत्र केले म्हणजे संगणकावर गाव उभे राहते. दुसरी पद्धत छायाचित्रांची. आपल्या दोन डोळ्यांना वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून दिसते, म्हणून खोली कळते. त्याप्रमाणे एकाच घराची अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे जुळवून त्याची उंची काढतात.

प्रतिकृतीच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर घर म्हणजे नुसता ठोकळा. पुढच्या पायरीवर छपराचा आकार. त्यापुढे दारे, खिडक्या, सज्जे. पायरी जितकी वरची, तितका खर्च अधिक. पावसाचे पाणी कोठे तुंबेल हे पाहण्यास जमिनीची अचूक उंची आणि घरांचे ठोकळे पुष्कळदा पुरे होतात, ही गोष्ट लहान नगरांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता एक उदाहरण हिशेबासह पाहू. वाशिमचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरला येथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. गल्लीच्या दक्षिण बाजूस १५ मीटर उंचीची इमारत झाली, तर भर दुपारी तिची सावली १४ मीटर लांब पडेल आणि आणखी तीन तासांनी सुमारे २८ मीटर. गल्ली सहा मीटरांची असेल, तर पलीकडच्या घराचे अंगण, छपरावरील सौर पाट्या आणि हिवाळ्यात उन्हाला बसणारी आजी, सारी सावलीत जातील. सपाट नकाशावर ती इमारत केवळ एक चौकोन असतो. चौकोनाला सावली नसते. प्रतिकृतीत मात्र इमारत उभी करून, तारीख आणि वेळ बदलून, बांधकामाची वीट लागण्यापूर्वीच सावली पाहता येते. असेच नाल्याचे, अग्निशामक गाडी वळण्याचे आणि उंच टाकीवरून कोणत्या मजल्यापर्यंत पाणी चढेल याचे.

ही केवळ परदेशची नवलाई नव्हे. सिंगापूरने २०१४ मध्ये संपूर्ण शहर-राष्ट्राच्या त्रिमितीय प्रतिकृतीचा प्रकल्प जाहीर केला, हे खरे. पण आपल्या शेजारी नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमितीय आराखड्यास वेळ आणि खर्च यांची जोड देऊन 'पंचमिती' पद्धत वापरण्यात आली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी जमिनींच्या मोजणीसाठी 'नक्शा' हा उपक्रम देशातील १५२ नगरांत आरंभिला गेला. त्यात सरळ छायाचित्रांबरोबर तिरप्या कोनातील छायाचित्रे आणि लायडार यांचाही अंतर्भाव आहे. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने तर २०३५ पर्यंत प्रमुख शहरे व नगरे यांची 'डिजिटल ट्विन', म्हणजे संगणकीय जुळी प्रतिकृती, तयार करण्याचे ध्येय ठेवले आहे.

तथापि यंत्रावर भाबडा विश्वास नको. लायडारला छप्पर दिसते, छपराखालचा भाडेकरू दिसत नाही. घर किती उंच हे त्याला कळते. ते कोणाच्या कष्टाचे हे कळत नाही. विमान उडाल्यानंतर झालेले बांधकाम त्यात नसते. म्हणून यंत्राने मोजलेले माणसाने गल्लीत जाऊन पडताळणे अवश्य आहे. मुंबईचा अनुभव येथे बोधप्रद ठरतो. तेथील प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांवर हजारो हरकती आल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनास तो दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश द्यावा लागला. साधनांनी संपन्न अशा महानगराच्या आराखड्यातील चुकाही शेवटी नागरिकांनीच दाखविल्या. मात्र त्यासाठी त्यांना नकाशा वाचता यावा लागला. वास्तुविशारद, वकील, अभ्यासू संस्था यांची मुंबईत वाण नाही. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील हमाल, गवंडी, भाजीवाली यांच्या वतीने नकाशा कोण वाचणार?

माझ्या मते त्रिमितीय प्रतिकृतीचे खरे मोल येथे आहे. तज्ज्ञाला उंचीचे आकडे कागदावरही वाचता येतात. ज्याला ते येत नाहीत, त्यालाही प्रतिकृतीत आपले मंदिर, मशीद, पाण्याची टाकी, आणि त्यांच्या खुणेने आपली गल्ली सापडते. घर सापडले की माणूस बोलू लागतो. पण हीच प्रतिकृती कार्यालयातील संगणकात कुलूपबंद राहिली, तर तिचा लाभ फक्त बांधकाम व्यावसायिकांना होईल, आणि नागरिक होता तेथेच राहील.

सबब दोन सूचना कराव्याशा वाटतात. हरकतींची मुदत चालू असताना प्रतिकृती प्रत्येक प्रभागात, शाळेच्या पडद्यावर, मराठीतून समजावून दाखविली जावी. आणि गल्लोगल्ली पडताळणीचे काम आपल्यासारख्या कला महाविद्यालयांतील भूगोलाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. समोच्च रेषा आपण परीक्षेसाठी काढतोच. त्या एखाद्या नाल्याकाठी उभे राहून, तेथे राहणाऱ्या माणसाला विचारून तपासल्या, तर आपला अभ्यासही पक्का होईल आणि नाल्याचे पाणी कोणीकडे उतरते, हे योजना मंजूर होण्यापूर्वी कळेल.